घरच्या माणसाचं जॅकेट

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी बायनाबाई धक्क्याच्या टोकावर उकिडवी बसून सव्विसावं जॅकेट पाण्यात सोडत होती. जॅकेटच्या पोटाला तिनं पाच किलोचं लोखंडी माप सुतळीनं बांधलं होतं. हे माप माजलगावच्या मोंढ्यातल्या एका आडतीतून भंगारात निघालेलं. तिथं इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि माप हिच्या कामाला लागलं. जॅकेट माप घेऊन तरंगत राहिलं तर चांगलं, बसलं तर बाद. सव्विसावं मिनिटभर तरंगलं, मग एका कुशीवर कललं, आणि त्याचा नारिंगी रंग पाण्याखाली विटकरी दिसायला लागला. तिनं सुतळी ओढून ते वर घेतलं, निथळू दिलं आणि खांद्याच्या पट्ट्याला काळ्या दोऱ्याचे तीन वेढे दिले.

चाळीसपैकी काळ्या दोऱ्याची आता सात झाली होती.

दर रविवारी ती अशी तपासणी करते. कुणी सांगितलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी बोटिंग सुरू झालं तेव्हा संभाजीनगरहून एक प्रशिक्षक दोन दिवसांसाठी आला होता. आतला फोम जुना झाला की पाणी पितो, असं तो बोलता बोलता म्हणाला. धक्क्यावर कामाला असलेल्या बाकीच्या आठ जणांकडे त्या दोन दिवसांचे फोटो आहेत. बायनाबाईकडे ते वाक्य राहिलं.

वडजाईचा तलाव सरकारी कागदावर सिंचन तलाव आहे. मे महिन्यातल्या रविवारी मात्र तिथं ऊस भिजवणाऱ्यांपेक्षा फोटो काढणारे जास्त दिसतात. पूर्वेच्या काठावर दीड किलोमीटरच्या पट्ट्यात अकरा हॉटेलं आहेत, तीन मंगल कार्यालयं आहेत, एक काचेचा पूल आहे आणि गावाचं नाव लिहिलेली माणसाहून उंच लाल अक्षरं आहेत. दुपारी तीनपर्यंत गाड्या लावायला जागा उरत नाही. बीडच्या, परभणीच्या, लातूरच्या पाट्या एकमेकींच्या मागं रस्त्यापर्यंत लागतात. पाण्यावर बदकाच्या आकाराच्या पायडल बोटी, पाठीमागं फेस उडवत जाणाऱ्या स्कूटर आणि सहा माणसांना ओढत नेणारं पिवळं रबरी केळं. शिवाय वीस-वीस माणसांच्या दोन मोठ्या बोटी, एक नंबर आणि तीन नंबर. दोन नंबर गेल्या वर्षीपासून काठावर पालथी घातलेली आहे. तिच्या पाठीवर हॉटेलवाल्यांची फडकी वाळतात.

मोठ्या बोटी समोरच्या टेकडीवर जातात. टेकडी म्हणजे पाण्यानं वेढलेला उंचवटा, धक्क्यापासून नऊशे मीटर पश्चिमेला. वर वडजाईचं दगडी देऊळ आणि कल्याणअप्पांची चहाची टपरी. लोक वीस मिनिटं थांबतात, चहा पितात आणि परत येतात. हा सगळा आनंद पाऊण तासाचा असतो, आणि त्याची सुरुवात बायनाबाईच्या हातून होते. ती जॅकेट चढवते, तीन बक्कलं लावते आणि पट्टे ओढते. ओढताना तिची बोटं माणसाच्या बरगडीला लागतात. मोबाइलसमोर हसणाऱ्या माणसाचं काळीज आत किती उडतंय, ते तिला समजतं. नवी नवरी, निवृत्त तलाठी, फेटा बांधून आलेले पाटील, सगळ्यांचं उडतं. त्यामुळं आपल्याला वाटते ती भीती वावगी आहे, असं तिला कधी वाटलं नाही.

बायनाबाई पंचेचाळीस वर्षांची आहे. तिला पोहता येत नाही. सहा वर्षांत ती एकदाही बोटीत बसलेली नाही. त्याआधी बारा हंगाम तिनं नवऱ्याबरोबर ऊस तोडला, पश्चिम महाराष्ट्रात आणि दोनदा कर्नाटकात. नवरा विठ्ठलराव आता एका मंगल कार्यालयावर रखवालदार आहे. उसाच्या कामातलं तिच्याकडं शिल्लक राहिलं ते हातात. मोळी बांधताना तोडणीवाले गाठ मारत नाहीत. उसाच्या वाढ्याला, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याला, पीळ देतात आणि टोक पिळाखाली खोचतात. मोळी डोक्यावर घट्ट राहते, आणि उतरवताना एका हिसक्यात मोकळी होते. बारा वर्षं दिवसाला शे-दीडशे मोळ्या. हातांना आता विचारावं लागत नाही.

काळ्या दोऱ्याची जॅकेटं ती रॅकच्या शेवटच्या खुंट्यांवर ठेवते. ती फेकता येत नाहीत, कारण मोजणीत चाळीस भरावी लागतात. व्यवस्थापक राधाकिशननं बोटिंगचा ठेका घेतलेल्या एजन्सीला दोनदा कळवलं होतं. नवी जॅकेटं सीझन संपल्यावर येतील असं उत्तर आलं. तोवर धक्क्यावर एक रीत पडून गेली. चांगली जॅकेटं आधी पाहुण्यांना. कमी पडली तर काळ्या दोऱ्याचं घरच्या माणसाला, म्हणजे टपरीवर सामान नेणाऱ्याला, हॉटेलातल्या आचाऱ्याला, कुणाच्या मेव्हण्याला. ही रीत बायनाबाईनंच पाडली. जेवायला बसलेल्या पंगतीत भाकरी कमी पडली तर कुणाच्या ताटातली कमी करायची, हे बाईला कुणी शिकवत नाही. तसंच हे झालं. सहा वर्षांत कुणी तक्रार केली नव्हती.

त्या रविवारी सव्वातीन वाजता तिची मुलगी योगिता धक्क्यावर आली. योगिता वीस वर्षांची, अंबाजोगाईला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सोबत वर्गातल्या दोघी होत्या, ईश्वरी आणि रुद्राणी. तिघी सकाळी घरी उतरल्या होत्या, जेवल्या होत्या आणि संध्याकाळी सहाच्या एसटीनं परत जाणार होत्या. बोटीत बसायचं हे त्या हॉस्टेलवरूनच ठरवून आल्या होत्या.

आईनं नेहमीसारखं नाही म्हटलं. योगिता सहा वर्षं हे नाही ऐकत आली होती. पण या वेळी मैत्रिणी ऐकत होत्या.

“माय, अख्खं हॉस्टेल विचारतंय, तुझी माय बोटीवर हाय, तू कितींदा बसली? मी काय सांगू?”

“सांग की माझी माय धक्क्यावर हाय. बोटीवर न्हाई.”

मैत्रिणी हसल्या. तीन नंबरचा चालक बंकट दोर हातात धरून ऐकत होता. तो गावातलाच, बायनाबाईला वैनी म्हणणारा, तोंडाचा फटकळ आणि हाताचा चांगला. आपण पोरीला काही गोव्याला नेत नाही, टेकडीवर चहा पाजून आणतो, एवढं तरी भरवशाचं तोंड आपलं दिसत नाही का, असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. रांगेतली माणसंही हसली. बायनाबाईला मग नाही म्हणता येईना.

एक नंबर सोळा माणसं घेऊन आधीच टेकडीकडं गेली होती. रॅकवर चोवीस जॅकेटं उरली होती: सतरा चांगली, सात काळ्या दोऱ्याची. तीन नंबरच्या रांगेत अठरा माणसं होती. बायनाबाईनं एकामागून एक सतरा चढवली. ईश्वरी आणि रुद्राणीला नीट निवडून दिली, पट्टे दोनदा ओढून पाहिले. शेवटी योगिता उरली. एक नंबर परत येईपर्यंत थांबली असती तर सोळा चांगली जॅकेटं मोकळी झाली असती. पण पुढची फेरी साडेपाचला संपते, आणि सहाची गाडी चुकली असती.

तिनं खुंटीवरचं सव्विसावं काढलं. सकाळी मिनिटभर तरंगलं होतं तेच. सातांतलं त्यातल्या त्यात बरं. त्याचं पोटावरचं बक्कल तुटलेलं होतं, म्हणून पिशवीतली परकराची नाडी काढून तिनं पोटाभोवती घेतली, आवळली आणि बंदोबस्त केला. हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं. त्या अर्ध्या मिनिटात तिच्या मनात काहीच आलं नव्हतं, हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवलं.

चार वाजून दहा मिनिटांनी तीन नंबर सुटली. योगिता मागच्या बाकावर होती. तिनं हात हलवला. बायनाबाईनं माणसं मोजली: अठरा आणि बंकट.

साडेचारला एक नंबर परत आली. सोळा उतरले. ती जॅकेटं गोळा करत असताना पश्चिमेची कड आधी मातकट झाली आणि मग दिसेनाशी झाली. ऊस निघून गेलेली, नांगरून तापत पडलेली रानं त्या बाजूला मैलभर पसरली आहेत; वावधान सुटलं की सगळी माती उठते. हॉटेलांच्या छत्र्या उडाल्या. लाल अक्षरांवरची पोरं खाली उड्या टाकून पळाली. राधाकिशननं भोंगा वाजवला, पायडल बोटी काठाला लागायला धडपडू लागल्या आणि रबरी केळावरची सहा माणसं गुडघाभर पाण्यातून ओरडत बाहेर आली. पाच मिनिटांत टेकडी दिसायची बंद झाली. पाऊस नव्हता. नुसता वारा, माती आणि पाण्याचा आवाज. तलावाला एवढा आवाज आहे हे उन्हाळी पाहुण्यांना माहीत नसतं.

राधाकिशन तिकीट खिडकीतून वॉकी-टॉकी घेऊन धक्क्याच्या तोंडाशी आला. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून त्यानं आवाज पुरता वाढवला होता. त्यामुळं जे आलं ते आजूबाजूच्या पन्नास माणसांनी ऐकलं. आवाज टेकडीवरच्या कल्याणअप्पांचा होता.

“...तीन नंबर खाली गेली... अठरा... हॅलो... खाली गेली...”

मग खरखर झाली, आणि तीही बंद झाली.

धक्क्यावर खाली म्हणजे रिकामी. जीपवाले, टेंपोवाले, ट्रॅक्टरवाले या भागात असंच बोलतात; गाडी खाली हाय का, ट्रॉली खाली आली. निजामाच्या राजवटीतून जे शब्द इथं राहिले त्यांतला हा एक. बोटवाल्यांनी तोच उचलला. बायनाबाई स्वतः दिवसातून वीस वेळा तो शब्द त्याच अर्थानं बोलत असे. पण मराठीत खाली म्हणजे तळाकडंही असतं, आणि वारा सुटलेला असताना, बोट दिसत नसताना, अठरा हा आकडा मागून आलेला असताना तिनं तो शब्द तसा ऐकला. राधाकिशननं तसाच ऐकला. पन्नास माणसांनीही तसाच.

“अप्पा, माणसं कुठं हायत? अप्पा?” राधाकिशन विचारत राहिला. पलीकडून काही येईना.

  तेवढ्यात बायनाबाईला माणसं धावत येताना दिसली.

धक्का म्हणजे प्लॅस्टिकच्या पोकळ ठोकळ्यांचा तरंगता पट्टा, साठ माणसांच्या वजनाचा. लाटांनी त्याचं टोक तेव्हा हातभर वर उचलून खाली आपटत होतं. काठावरची बातमी आता दोनशे माणसांपर्यंत पोहोचली होती आणि ती सगळी त्याच पट्ट्याकडं येत होती. कुणाला बोट बघायची होती, कुणाला आपलं माणूस. दोनशे माणसं त्या पट्ट्यावर चढली तर तो एका कुशीवर जाईल, हे सांगायला प्रशिक्षक लागत नाही. तिनं धक्क्याच्या तोंडाची साखळी ओढून कडीत अडकवली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली.

पहिला पोहोचला तो परभणीकडचा, पांढऱ्या शर्टातला माणूस. तो बोटीत बसला नव्हता. फोटो काढायला काठावर थांबला होता. त्यानं साखळीला हात घातला.

“बाई, काढा ही. माझी बायको आन दोन लेकरं हायत तिकडं.”

“माझीबी लेक हाय,” बायनाबाई म्हणाली. “साखळी न्हाई निघायची.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. हात सोडला नाही, पण ओढायचा थांबला. मागच्यांनी त्याच्या पाठीवर रेटा दिला तेव्हा त्यानंच वळून शिवी हासडली. राधाकिशन भोंग्यावरून मागं सरका म्हणून ओरडत होता. एक नंबरचा चालक आप्पाराव इंजिनपाशी बसून होता. या वाऱ्यात बोट काढली तर परत येणाऱ्यांऐवजी जाणारेच वाढतील, असं तो दोनदा म्हणाला.  

पुढची चौदा मिनिटं बायनाबाई साखळीपासून हलली नाही. ती घाबरली नव्हती असं नाही. तिचं अंग साखळीपाशी होतं, आणि बाकी सगळं त्या नाडीपाशी. आपण गाठ कोणती मारली, हे ती आठवत होती. निरगाठ मारली असेल तर ओली झाल्यावर अधिक आवळते. जॅकेट भिजून जड झालं तरी मिनिटभर माणसाला धरतं. सकाळी धरलंच होतं, पाच किलोला धरलं होतं. पण योगिता पाच किलोची नव्हती. तिनं उजव्या हाताची बोटं हलवून पाहिली. बोटांना आठवत होतं. आधी पीळ, मग टोक पिळाखाली. गाठ नव्हतीच. तिनं लेकीच्या पोटाशी मोळी बांधली होती, आणि मोळी एका हिसक्यात सुटावी म्हणूनच तशी बांधतात.

हे कळल्यावर तिनं कडीवरचा हात अधिक आवळला. दुसरं आवळायला हाताशी काही नव्हतं.

चार वाजून चोपन्न मिनिटांनी मातीच्या पडद्यातून तीन नंबर बाहेर आली. वाऱ्यानं मागून ढकलल्यासारखी, नाक वर करत, आडवी होत येत होती. पांढऱ्या शर्टातला माणूस ओरडला, आली, आली. काठावर टाळ्या सुरू झाल्या. बायनाबाईनं मोजायला सुरुवात केली आणि एकाला थांबली.

बोटीत बंकट होता. बाकं मोकळी होती.

टाळ्या जिथल्या तिथं विझल्या. पांढऱ्या शर्टातला माणूस साखळीवर ओणवा झाला आणि तसाच राहिला. बंकटनं बोट धक्क्याला लावायचे तीन प्रयत्न केले. तिसऱ्यांदा आप्पारावनं दोर झेलला. बंकट उतरला तेव्हा त्याच्या पापण्यांवर माती होती. एवढी माणसं एवढी गप्प उभी आहेत हे पाहून तो बावचळला.

“माणसं कुठं हायत बे?” राधाकिशननं विचारलं.

“टेकडीवर. देवळात. कावून?” बंकट म्हणाला. “अप्पांनी सांगितलं न्हाई का? अठरा उतरवले, बोट खाली गेली म्हणून.”

राधाकिशननं त्याच्या थोबाडीत मारली. मग स्वतःच पायरीवर बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं.

घडलं ते एवढंच होतं. वारा सुटला तेव्हा माणसं आधीच उतरलेली होती. बोट टेकडीच्या पश्चिम अंगाच्या दगडी पायऱ्यांवर आपटायला लागली म्हणून बंकटनं ती मोकळीच काढली आणि पूर्वेच्या बाजूला आडोशाला न्यायला निघाला. ते पाहून कल्याणअप्पांनी धक्क्याला कळवलं. नेहमीच्या शब्दात कळवलं, आणि त्यांच्या यंत्राची बॅटरी संपली. बोट आडोशापर्यंत पोहोचलीच नाही. वाऱ्यानं ती फिरवली, आणि वाऱ्याच्या उलट जाण्यापेक्षा त्याच्यापुढं पळणं बरं म्हणून बंकट धक्क्याकडं आला. गाल चोळत त्यानं हे सगळं दोनदा सांगितलं. गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि लगेच थांबलं. पांढऱ्या शर्टातला माणूस बंकटचे पाय धरायला वाकला. बंकट मागं सरला.

बायनाबाईनं साखळी काढली नाही. देवळात आहेत असं बंकट म्हणत होता. किती आहेत, हे तिनं मोजलेलं नव्हतं. पायऱ्यांवरून कुणी घसरलं असेल, कुणी बोट जाताना पाहून मागं धावलं असेल. तिनं बंकटला तीनदा विचारलं, तू शेवटची योगिताला कुठं पाहिली. टपरीपाशी, कपबशी हातात, असं त्यानं तिन्ही वेळा सांगितलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा आवाज खाली आला.

“वैनी, आता मलाबी भ्या वाटाया लागलं. नका इचारू.”

पावणेसहाला वारा पडला. जसा आला तसा गेला. तलाव चहासारखा गढूळ झाला होता आणि काठाला प्लॅस्टिकच्या प्लेटा लागल्या होत्या. बंकट बोट घेऊन गेला. सहा वाजून अकरा मिनिटांनी ती परतली तेव्हा बायनाबाई धक्क्याच्या टोकावर उभी होती. तिनं बोट लागायच्या आधी एकदा मोजलं, लागल्यावर एकदा, आणि उतरताना प्रत्येकाच्या दंडाला हात लावून एकदा. परभणीकडची बाई आणि तिची दोन लेकरं धरून सतरा झाले.

अठरावी योगिता. केसांत माती, चेहऱ्यावर हसू. देवळात सगळ्यांनी अंताक्षरी खेळली, ईश्वरी रडत होती आणि रुद्राणी तिला गाणी सुचवत होती, असं ती उतरता उतरता सांगत होती. नारिंगी जॅकेट तिनं काखेत धरलं होतं. नाडी त्याच्यातून लोंबत होती.

“हे अंगात का न्हाई?” बायनाबाईनं विचारलं.

“राहतंय कुठं? जाताना बाकावर बसले आन नाडी सुटली. मी तसंच धरून बसलते.” योगितानं पट्ट्यावरचा काळा दोरा बोटानं उचलला. टेकडीवर कल्याणअप्पांनी तिला त्याचा अर्थ सांगितला होता. “माय, हे बाद हाय म्हणं. मलाच कावून दिलं?”

बायनाबाईला खोटं बोलायचं सुचलं नाही.

“तू घरची,” ती म्हणाली.

 योगितानं जॅकेट आईच्या हातात दिलं आणि मैत्रिणींकडं गेली. सहाची एसटी निघून गेली होती. तिघींना मुक्काम करावा लागणार होता. रुद्राणी तेच घरी फोनवर सांगत होती, आणि सगळं ठीक आहे, नुसता वारा होता, असं म्हणत होती.

राधाकिशन खिडकीत येऊन बसला. आजपासून रिकामी म्हणायचं, खाली म्हणायचं नाही, असं त्यानं बंकट आणि आप्पारावला बजावलं. बंकटनं रिकामी, रिकामी असं चार वेळा म्हणून पाहिलं आणि मास्तरांसारखं वाटतंय म्हणाला. त्याचा गाल अजून लाल होता. राधाकिशननं त्याला चहा मागवला.

बायनाबाई खिडकीतून हात घालून कात्री घेऊन गेली. कशाला, हे राधाकिशननं विचारलं नाही. दोरा-सुतळी कापायला ती रोजच न्यायची. तो रॅकपाशी आला तोवर तिनं चार जॅकेटांचे खांद्याचे पट्टे मुळापासून कापले होते. पाचवं हातात होतं.

मोजणीत चाळीस लागतात, तो म्हणाला. सीझन आहे, शाळा अजून सुरू नाहीत, उद्या एजन्सीचा माणूस आला तर त्याला काय दाखवायचं. तो रागावून बोलत नव्हता. दुपारपासून त्याचाही आवाज बसला होता. बायनाबाईनं पाचवं कापलं, सहावं कापलं. सव्विसावं तिनं शेवटी घेतलं. त्याची नाडी आधी काढून घडी केली आणि पिशवीत ठेवली, कारण नाडी चांगली होती. मग पट्टे कापले.

“नवी येईस्तोर काय करायचं?” राधाकिशननं विचारलं.

“येईस्तोर तेहतीस,” ती म्हणाली.

त्यानं रॅककडं पाहिलं, कापलेल्या ढिगाकडं पाहिलं. तिकीट खिडकीच्या फळ्यावर दोन्ही बोटींसमोर वीस-वीस लिहिलेलं होतं. त्यानं तीन नंबरसमोरचं वीस हातानं पुसलं आणि खडू शोधायला गेला. बायनाबाई घरी निघाली तेव्हा योगिता वाटेवर थांबलेली होती. मैत्रिणी पुढं गेल्या होत्या; या दोघी मागून चालत गेल्या. बायनाबाईनं तिच्या दंडाला धरलं होतं, आणि घर येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

अंबाजोगाईची पहिली एसटी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी फाट्यावर येते. तिघी त्याच गाडीनं जातील. बोटिंग नऊला उघडेल. पहिल्या फेरीला एक नंबरमध्ये वीस माणसं बसतील, तीन नंबरमध्ये तेरा.